पोपचे मौन आणि पडद्यावरचा इतिहास

प्रस्तावना

१६ ऑक्टोबर १९४३ हा शनिवार होता. कोकणातल्या बेने इस्राएल समाजामुळे आपल्याकडेही ओळखीचा झालेला शब्बाथचा, विश्रांतीचा दिवस. रोमवर जर्मन सैन्याचा ताबा बसून पाच आठवडे झाले होते. पहाटे साडेपाचच्या सुमारास, पावसात, टायबरकाठच्या जुन्या ज्यू वस्तीला एसएसच्या शिपायांनी वेढा घातला आणि दुपारी दोनपर्यंत शहरभरातून १,२५९ माणसे उचलली. त्यांत २०७ मुले होती. सगळ्यांना व्हिया देल्ला लुंगारा या रस्त्यावरच्या लष्करी महाविद्यालयात कोंडले. व्हॅटिकनपासून ही इमारत चालत जाण्याच्या अंतरावर आहे. जे ज्यू नव्हते किंवा ज्यांचा विवाह मिश्र होता त्यांना सोडून दिले आणि उरलेल्या हजाराहून अधिक माणसांना १८ तारखेला तिबुर्तिना स्थानकातून मालगाडीच्या डब्यांत भरून आउश्वित्झला रवाना केले. त्यांतले सोळा जण परत आले. पंधरा पुरुष आणि एक स्त्री.

त्या दिवसांत पोप बारावे पायस व्हॅटिकनमध्येच होते. जाहीरपणे ते काही बोलले नाहीत. त्यांचे राज्यसचिव कार्डिनल मालियोने यांनी जर्मन राजदूत व्हाइत्सेकर यांना त्याच दिवशी बोलावून घेतले आणि खासगीत नाराजी कळवली. गोष्ट तेवढ्यावर राहिली. पण त्याच रोममध्ये, त्याच आठवड्यांत, मठांनी आणि कॉन्व्हेंटांनी ज्यू कुटुंबांना दारे उघडली, पुढचे आठ महिने त्यांना लपवले, जेवू घातले. वर पोपचे मौन आणि खाली मठांची उघडलेली दारे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांचा एकमेकींशी काय संबंध होता, हा विसाव्या शतकातल्या धर्मेतिहासाचा सर्वांत कडवट वाद आहे आणि गेली साठ वर्षे तो ग्रंथालयांइतकाच रंगभूमीवर आणि चित्रपटगृहांतही लढला जात आहे.

या पुस्तकात युद्धकाळातील धर्मगुरूंवरच्या निवडक चित्रपटांची ओळख एकेक करून येणार आहे. त्यांतले बहुतेक १९४३-४४ च्या रोमभोवती फिरतात. ते बघताना इतिहासाच्या बाजूने काय विचारावे आणि कशावर अडून बसू नये, एवढे सांगण्यासाठी ही प्रस्तावना आहे.

*

सेनापतीवर चित्रपट काढणे त्यामानाने सोपे असते. त्याचे निर्णय नकाशावर उमटतात, हुकूम लेखी असतात, जय-पराजय सगळ्या जगाला दिसतो. राजकारण्याची भाषणे हाताशी असतात. धर्मगुरूचा निर्णय मात्र बऱ्याचदा बंद दाराआड, प्रार्थनेत होतो, आणि तिथे कोणी टिपण घेत नाही. तो बोलला तर त्याचे शब्द मागे राहतात. तो गप्प राहिला तर ते मौन विवेकाचे, भीतीचे, मुत्सद्देगिरीचे की उदासीनतेचे, हे कॅमेऱ्याला दिसत नाही. मग पटकथाकार ती जागा संवादांनी भरतो. पोप एखाद्या विश्वासू माणसापाशी मन मोकळे करतात आणि प्रेक्षकाला वाटते, उलगडा झाला. वास्तविक उलगडा झालेला नसतो. पटकथाकाराने आपले मत पोपच्या तोंडी घातलेले असते.

आपल्याकडच्या संतपटांचा प्रेक्षकाशी असलेला करार वेगळा आहे. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ साली आला आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. शेवटी विमान येते तेव्हा देहूतल्या कोणत्या कागदात त्याची नोंद आहे, असे कोणी विचारत नाही. ती श्रद्धेची कथा आहे आणि ती तसे लपवतही नाही. युद्धपट पडद्यावर तारीख, गाव आणि लष्करी गणवेश घेऊन येतो. ‘रोम, ऑक्टोबर १९४३’ ही अक्षरे पडद्यावर उमटली की दिग्दर्शकाने प्रेक्षकाला शब्द दिलेला असतो की हे घडले होते. तो शब्द कितपत पाळला, हे विचारण्याचा हक्क मग आपल्याला आपोआप मिळतो.

या विचारण्यात एक चूक फार वेळा होते. झग्याची बटणे, मोटारीचे मॉडेल, एखाद्या अधिकाऱ्याच्या खांद्यावरचे चिन्ह यांच्या चुका काढण्यात उत्साह खर्च होतो. या चुका काढाव्यात, पण त्यांनी कोणाचा न्याय बदलत नाही. इतिहासाने ज्याला दोषी म्हणावे त्याला निर्दोष आणि ज्याला निर्दोष म्हणावे त्याला दोषी ठरवण्याची ताकद चित्रपटात जिथे असते, तिथे खरी तपासणी हवी. माझ्या मते सीमारेषा अशी आहे: चित्रपटाला पात्र निर्माण करण्याची मुभा आहे, पुरावा निर्माण करण्याची नाही. पुढचा सगळा विचार या एका वाक्याच्या आधाराने केला आहे.

*

पोप बाराव्या पायस यांच्यावरचा पहिला मोठा चित्रपट त्यांच्या हयातीतच, ऐन युद्धात निघाला. ‘पास्तोर आंजेलिकुस’ हा रोमोलो मार्चेल्लिनी दिग्दर्शित माहितीपट इटलीतल्या कॅथलिक चित्रपट केंद्राने तयार केला आणि तो डिसेंबर १९४२ मध्ये प्रदर्शित झाला. त्यात दिसतात ते शुभ्र वस्त्रांतले, कृश, दोन्ही हात पसरून आशीर्वाद देणारे, युद्धाच्या वर उभे असलेले शांतिदूत पोप. पुढच्या साऱ्या चित्रपटांनी, भक्तांच्या आणि विरोधकांच्याही, हीच प्रतिमा उसनी घेतली.

त्याच डिसेंबरात आणखी दोन गोष्टी घडल्या. १४ तारखेला लोथार क्योनिग या जर्मन जेझुइट धर्मगुरूने पोपचे खासगी सचिव रोबर्ट लायबर यांना पत्र लिहिले. बेल्झेक येथे एसएसच्या भट्ट्यांमध्ये रोज सहा हजारांपर्यंत माणसे, विशेषतः पोलिश आणि ज्यू, मारली जात असल्याचे त्यात होते. नंतर २४ तारखेला पोपचे नाताळचे आकाशवाणी भाषण झाले. लांबलचक भाषणाच्या ओघात, स्वतःचा काही अपराध नसताना केवळ राष्ट्र वा वंश यांमुळे मृत्यूच्या किंवा हळूहळू होणाऱ्या नाशाच्या खाईत लोटल्या गेलेल्या लाखो माणसांचा उल्लेख आला. ज्यू हा शब्द आला नाही, नाझी हाही नाही. पोपच्या समर्थकांना हे वाक्य निषेध वाटते, कारण बर्लिनमधल्या अधिकाऱ्यांना ते झोंबले होते. टीकाकारांना ती पळवाट वाटते, कारण ज्यांच्यासाठी बोलायचे त्यांचेच नाव गाळले.

क्योनिग यांचे हे पत्र जगासमोर यायला सप्टेंबर २०२३ उजाडावे लागले. व्हॅटिकनचे अभिलेखपाल जोव्हान्नी कोको यांना ते सापडले आणि ‘कोरिएरे देल्ला सेरा’ या इटालियन दैनिकाने ते छापले. म्हणजे पोपना काय ठाऊक होते यावर साठ वर्षे जी नाटके आणि चित्रपट झाले, त्यांतल्या एकाच्याही लेखकाच्या हाती हा कागद नव्हता. ऐतिहासिक चित्रपट जुना होतो तो असा. छायाचित्रण मागासले म्हणून होत नाही, तो बनल्यावर कपाटे उघडली म्हणून होतो.

*

पोप १९५८ मध्ये वारले तेव्हा इस्रायलच्या परराष्ट्रमंत्री गोल्डा मेयर यांनीही त्यांना आदरांजली वाहिली होती. पाचच वर्षांत वारे फिरले. २० फेब्रुवारी १९६३ रोजी पश्चिम बर्लिनमध्ये एर्व्हिन पिस्काटोर यांनी रोल्फ होखहूट या तरुण लेखकाचे ‘डेर श्टेलफरट्रेटर’ हे नाटक रंगमंचावर आणले. पृथ्वीवर ख्रिस्ताचा प्रतिनिधी म्हणवणाऱ्या माणसाने संहार ठाऊक असून तोंड उघडले नाही, हा त्याचा आरोप. नाटकातल्या पोपना व्हॅटिकनच्या गुंतवणुकीची काळजी लागलेली दिसते. युरोपभर दंगे आणि निदर्शने झाली. कार्डिनल मोन्तिनी युद्धकाळात पोपचे निकटचे सहकारी होते. त्यांनी पोपच्या बाजूने लेखणी उचलली आणि ते स्वतः सहावे पॉल म्हणून पोप झाल्यावर त्यांनी युद्धकाळातली कागदपत्रे छापायला लावली. चार जेझुइट इतिहासकारांनी १९६५ ते १९८१ या काळात त्यांचे अकरा खंड प्रसिद्ध केले. एका नाटकाने व्हॅटिकनला आपले कागद बाहेर काढायला भाग पाडले, हे होखहूट यांचे श्रेय नाकारता येत नाही. त्यांनी उभे केलेले पोपचे चित्र मात्र त्या श्रेयाने खरे ठरत नाही.

हेच नाटक कोस्टा-गाव्हरास यांनी २००२ मध्ये ‘आमेन.’ या नावाने पडद्यावर आणले. या एका चित्रपटात खरे आणि कल्पित शेजारी शेजारी बसलेले असल्यामुळे तो आपल्या अभ्यासाला सर्वांत उपयोगी आहे.

त्याचा अर्धा नायक खरा आहे. कुर्ट गेरश्टाइन हा एसएसच्या आरोग्य विभागातला अधिकारी आणि श्रद्धाळू प्रॉटेस्टंट. ऑगस्ट १९४२ मध्ये त्याला बेल्झेकला नेण्यात आले आणि तिथे त्याने माणसांना विषारी वायूने मारताना पाहिले. परतताना वॉर्साहून बर्लिनला जाणाऱ्या गाडीत योरान फोन ओट्टर हा स्वीडनचा मुत्सद्दी भेटला, तेव्हा रात्रभर त्याला सगळे सांगितले. बर्लिनमधल्या पोपच्या वकिलातीत गेला, तिथून त्याला घालवून दिले. १९४५ च्या वसंतात त्याने सविस्तर निवेदन लिहिले आणि जुलैत पॅरिसच्या तुरुंगात तो मृतावस्थेत सापडला. बेल्झेकच्या दृश्यात तो दारातल्या भोकातून आत बघतो. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर राहतो आणि आतले काहीही दाखवत नाही. गेरश्टाइनने काय पाहिले हे आपल्याला त्याच्या लेखी शब्दांतूनच कळलेले आहे. दिग्दर्शकाने ती मर्यादा पाळली. अचूकपणा म्हणतात तो हा.

दुसरा अर्धा नायक रिकार्दो फोन्ताना हा कल्पित आहे. गेरश्टाइनचे ऐकून हा तरुण जेझुइट थेट पोपपर्यंत पोहोचतो, विनवण्या करतो आणि काही होत नाही असे दिसल्यावर झग्यावर पिवळा तारा लावून रोमच्या ज्यूंबरोबर गाडीत चढतो. होखहूट यांच्यासमोर दोन खरे धर्मगुरू होते. बर्लिनच्या कॅथेड्रलचे बेर्नहार्ड लिष्टेनबेर्ग १९३८ पासून ज्यूंसाठी जाहीर प्रार्थना करत, त्यापायी कैद झाले आणि नोव्हेंबर १९४३ मध्ये डाखाऊच्या वाटेवर वारले. माक्सिमिलियन कोल्बे यांनी १९४१ मध्ये आउश्वित्झला एका कैद्याच्या बदल्यात स्वतःचा जीव दिला. दोघांच्या धैर्याचा अंश घेऊन फोन्ताना घडवला, त्याला हरकत नाही. पण १८ ऑक्टोबरच्या त्या गाडीत असा कोणी धर्मगुरू नव्हता, आणि रोमच्या ज्यूंवर पिवळ्या ताऱ्याची सक्तीही झालेली नव्हती.

असला तारा आणि अशी गाडी प्रतीक म्हणून सोडूनही देता येईल. मला अडते ते दुसऱ्या जागी. फोन्ताना हा पोपसमोर उभा राहून प्रत्यक्षदर्शीचा निरोप सांगणारा माणूस आहे, आणि पोपना नेमके काय, कधी, कोणाकडून कळले हाच तर खटल्याचा मुद्दा आहे. इथे चित्रपटाने पात्राबरोबर साक्षही निर्माण केली. गेरश्टाइनचा शब्द पोपपर्यंत असा पोहोचल्याचा कागद नाही. क्योनिगच्या पत्रामुळे आज आपल्याला कळते की बेल्झेकची बातमी त्या दारापर्यंत दुसऱ्या वाटेने आली होती. कोणी म्हणेल, मग चित्रपटाचे म्हणणे खरेच ठरले. ते अर्धेच खरे ठरले, आणि उरलेले अर्धे जास्त महत्त्वाचे आहे.

ती बातमी आली कशी, ते पाहा. १९४२ च्या ऑगस्टअखेर ल्विव्हचे महाधर्माध्यक्ष आंद्रेय शेप्तित्स्की यांनी ज्यूंच्या कत्तलींबद्दल पोपना पत्राने कळवले. सप्टेंबरअखेर अमेरिकेचे दूत मायरन टेलर यांनी वॉर्साच्या ज्यू वस्तीबद्दलचे निवेदन व्हॅटिकनला दिले आणि ही माहिती खरी आहे का, असे विचारले. उत्तर काय द्यावे यासाठी राज्यसचिवालयातले आंजेलो देल्लाक्वा यांनी टिपण तयार केले. ज्यू सहज अतिशयोक्ती करतात, पूर्वेकडच्या लोकांच्या प्रामाणिकपणाचीही हमी नाही, तेव्हा जपून राहावे, असा त्याचा सूर होता. ऑक्टोबरमध्ये अमेरिकेला कळवण्यात आले की अशा बातम्या आल्या आहेत, मात्र त्यांची खातरजमा करता आलेली नाही. हे टिपण छापील अकरा खंडांत नव्हते. मार्च २०२० मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्या कारकिर्दीचे अभिलेखागार खुले केल्यावर जर्मन इतिहासकार ह्युबर्ट वोल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हाती ते लागले.

या टिपणावर कोणी चित्रपट काढलेला नाही. त्यात आक्रोश नाही, झग्यावर तारा नाही, बंद दारावर मुठी आपटणारा तरुण नाही. एक हुशार, नेमस्त, वरिष्ठांची सोय बघणारा अधिकारी टेबलाशी बसतो आणि हजारोंच्या मरणाची बातमी ‘अविश्वसनीय’ या खणात टाकतो. मौन असे तयार होते. त्याला अनेकांचे हात लागतात, पूर्वग्रहाची फोडणी बसते, आणि शेवटी जे वर पोहोचते त्यावर वरच्या माणसाला मूग गिळून बसणे सोपे जाते. ‘आमेन.’मधल्या पोपहून हे चित्र व्हॅटिकनला अधिक अडचणीचे आहे. म्हणून म्हणतो, कल्पित साक्षीदार उभा करणे हे इतिहासाला कठोर करणे नव्हे. बऱ्याचदा त्याने इतिहास सौम्यच होतो, कारण सगळा दोष एका म्हाताऱ्याच्या थंड चेहऱ्यावर जाऊन बसतो आणि यंत्रणा सुटते.

*

दुसऱ्या बाजूचे चित्रपटही याच कसोटीला लावले पाहिजेत. ‘द स्कार्लेट अँड द ब्लॅक’ (१९८३) या दूरचित्रवाणीपटात ग्रेगरी पेक यांनी मोन्सिन्योर ह्यू ओफ्लाहर्टी या आयरिश धर्मगुरूचे काम केले आहे, ख्रिस्तोफर प्लमर एसएसचा रोममधला प्रमुख हर्बर्ट काप्लर झाले आहेत आणि जॉन गिलगुड पोप. ओफ्लाहर्टी आणि त्यांच्या मदतनीसांनी युद्धकैदी आणि ज्यू मिळून हजारो माणसे रोममध्ये लपवली. युद्धानंतर जन्मठेप भोगत असलेल्या काप्लरला ते तुरुंगात भेटत राहिले आणि १९५९ मध्ये काप्लरने कॅथलिक धर्म स्वीकारला. चित्रपटाचा हा गाभा खरा आहे. काळजी घ्यायची ती एवढीच, की ओफ्लाहर्टींचे शौर्य पाहून त्याची पावती वरच्या मजल्यावर फाडली जाऊ नये. खालच्या माणसाने जीव धोक्यात घालून जे केले, ते वरच्याच्या आज्ञेने केले असे गृहीत धरण्याचा मोह प्रेक्षकाला होतो, संस्थेला त्याहून जास्त होतो.

‘सोत्तो इल चिएलो दी रोमा’ (२०१०) ही इटालियन मालिका त्याच मोहावर उभी आहे. जेम्स क्रॉमवेल यांचे पोप कनवाळू आहेत, रात्रंदिवस तळमळणारे आहेत. हिटलरने पोपना पळवून नेण्याचा बेत केला होता, याला त्यात मोठी जागा दिली आहे. या बेताचा मुख्य आधार म्हणजे एसएसचा जनरल कार्ल वोल्फ याने युद्धानंतर पुष्कळ वर्षांनी दिलेली जबानी, आणि स्वतःला वाचवणारा म्हणून रंगवण्यात त्याचा स्वार्थ उघड होता. तसेच मठ उघडण्याच्या पोपच्या आदेशाचे. रोममध्ये एवढे मठ एकाच वेळी उघडले ते पोपच्या संमतीशिवाय शक्य नव्हते, असे एक बाजू म्हणते. लेखी आदेश कुठे आहे, असे सुझन झुकॉट्टी यांच्यासारखे इतिहासकार विचारतात, आणि तो आजवर पुढे आलेला नाही. चित्रपटात तो आदेश पोपच्या तोंडून ऐकू आला की हा वाद प्रेक्षकापुरता मिटतो. तिथे पुन्हा पुरावा निर्माण झालेला असतो, फक्त यावेळी बचावाच्या बाजूने.

वाचवलेल्यांबद्दल खरी आणि भरघोस माहिती हाती असताना हे करावे लागते, याचे वाईट वाटते. २०२३ मध्ये रोमच्या पाँटिफिकल बिब्लिकल इन्स्टिट्यूटमध्ये जुनी यादी सापडली. रोमच्या धर्मसंस्थांनी आसरा दिलेल्या ४,३०० हून अधिक माणसांची ती नोंद आहे. त्यांतल्या ३,६०० जणांची नावे आहेत आणि त्यांपैकी ३,२०० निश्चितपणे ज्यू होते. यांतल्या एखाद्याच कॉन्व्हेंटची गोष्ट सांगितली असती, तांदूळ कुठून आणला, मुलांना लॅटिन प्रार्थना पाठ का करायला लावल्या, झडती आली तेव्हा दारात कोण उभे राहिले, तर पोपची वकिली करण्याची गरजच उरली नसती. त्या धर्मभगिनींचे काम कोणाच्या आदेशाने मोठे किंवा छोटे होत नाही.

‘बोलले असते तर काय झाले असते’ या प्रश्नाचीही अशीच ओढाताण होते. एक उदाहरण जर्मनीतले. ऑगस्ट १९४१ मध्ये म्युन्स्टरचे बिशप फोन गालेन यांनी मनोरुग्ण आणि अपंगांच्या हत्येविरुद्ध प्रवचन दिले. त्याच महिन्यात हिटलरने तो कार्यक्रम अधिकृतपणे थांबवला. तोवर सत्तर हजारांवर बळी गेले होते आणि नंतरही हत्या चोरून चालूच राहिल्या, हे त्याच वाक्यात सांगायला हवे. दुसरे उदाहरण हॉलंडचे. २६ जुलै १९४२ रोजी तिथल्या कॅथलिक बिशपांनी ज्यूंच्या हद्दपारीविरुद्धचे पत्र चर्चमधून वाचून दाखवले. आठवड्याच्या आत नाझींनी ज्यू वंशाच्या कॅथलिकांना पकडले. त्यांत तत्त्वज्ञ आणि धर्मभगिनी एडिथ श्टाइन होत्या. ९ ऑगस्टला आउश्वित्झमध्ये त्यांचा अंत झाला. पहिले उदाहरण सांगून दुसरे गाळणारा चित्रपट फिर्यादीचे वकीलपत्र घेतो, दुसरे सांगून पहिले गाळणारा आरोपीचे. प्रेक्षकासमोर दोन्ही ठेवण्याची हिंमत ज्याच्यात आहे, त्यालाच मी इतिहासाशी प्रामाणिक चित्रपट म्हणेन, मग त्याचा शेवट कोणत्याही बाजूला झुको.

*

कल्पित पात्र आणि इतिहास यांचे प्रामाणिक नाते कसे असते, हे दाखवणारे चित्रपट आहेत. रोबेर्तो रोस्सेलिनी यांचा ‘रोमा, चित्ता आपेर्ता’ हा त्यांतला सर्वांत थोर. रोम ४ जून १९४४ रोजी मुक्त झाले आणि जानेवारी १९४५ मध्ये, उत्तर इटलीत युद्ध चालू असतानाच, मिळेल तेवढी फिल्म गोळा करून चित्रीकरण सुरू झाले. आल्दो फाब्रित्सी यांनी उभे केलेले डॉन पिएत्रो हे पात्र दोन खऱ्या धर्मगुरूंवरून घेतले आहे. डॉन पिएत्रो पाप्पागाल्लो २४ मार्च १९४४ रोजी आर्देआतिने गुहांमध्ये मारल्या गेलेल्या ३३५ जणांत होते. डॉन ज्युझेप्पे मोरोसिनी यांना ३ एप्रिलला फोर्ते ब्राव्हेत्ता येथे गोळ्या घातल्या. दोघांचा एक केला म्हणून काही खोटे झाले का? रोमचे काही साधे पाद्री प्रतिकारकांना मदत करत होते आणि त्यासाठी मेले, ही चित्रपटाची साक्ष शब्दशः खरी आहे. मात्र जे त्यात नाही तेही नोंदवले पाहिजे. १६ ऑक्टोबर त्यात नाही. रोमचे ज्यू त्यात नाहीत. मुक्त झालेल्या इटलीला त्या वेळी आपण सगळे एकत्र लढलो असे सांगायचे होते. अचूकपणाचा हिशेब गाळलेल्या गोष्टींसह करावा लागतो.

फोल्कर श्ल्योनडोर्फ यांचा ‘डेर नॉयंटे टाग’ (२००४) ही दुसरी उत्तम वाट. लक्झेम्बर्गचे धर्मगुरू जां बेर्नार यांना १९४२ मध्ये डाखाऊहून नऊ दिवस घरी सोडले होते. डाखाऊत एकंदर सुमारे २,७०० धर्मगुरू कैद होते, त्यांतले हजाराहून अधिक तिथेच मेले. बेर्नार यांनी लिहून ठेवलेल्या आठवणींवर हा चित्रपट आधारलेला आहे. त्या नऊ दिवसांत एक तरुण गेस्टापो अधिकारी आणि धर्मगुरू यांच्यात ज्या वैचारिक झटापटी दाखवल्या आहेत, त्या बऱ्याच अंशी रचलेल्या आहेत. आणि म्हणूनच श्ल्योनडोर्फ यांनी नायकाचे नाव बदलले. पडद्यावर तो आंरी क्रेमर आहे. जिथे आपण रचतो आहोत, तिथे खऱ्या माणसाच्या नावावर पावती फाडायची नाही, ही सभ्यता त्यांनी पाळली. पोपच्या मौनाबद्दलची चीडही या चित्रपटात आहे, पण ती कैद्याच्या तोंडी आहे, आणि तसे म्हणणारे कैदी खरोखर असू शकतात.

इतिहास वाकवण्याचा आजार केवळ कॅथलिक विषयांना जडलेला नाही. डीट्रिख बोनहॉफर हे लुथरन धर्मतत्त्वज्ञ हिटलरविरोधी कटातल्या लोकांशी जोडलेले होते आणि ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनब्युर्ग येथे त्यांना फाशी दिले. २०२४ च्या अमेरिकन चित्रपटाने नावातच त्यांना मारेकरी म्हटले. बोनहॉफर यांच्या घराण्यातल्या वंशजांनी आणि अभ्यासकांनी त्याला जाहीर हरकत घेतली. हिंसेबद्दलचा त्यांचा सगळा तळमळीचा विचार एका शब्दात सपाट झाला आणि आजच्या राजकारणात वापरायला मोकळा झाला. मेलेल्या धर्मगुरूचे नाव जिवंतांच्या हातात शस्त्र होते, म्हणून ही अचूकता किरकोळ हौस राहत नाही.

*

मराठी वाचकाला हे सगळे दूरचे वाटू नये. रोम मुक्त झाल्यावर पाच आठवड्यांनी, १० जुलै १९४४ रोजी, त्याच टायबरच्या वरच्या खोऱ्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे लढताना पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावला त्यांचा पुतळा आहे. त्या युद्धात आपली माणसे होती. वसईतल्या आणि गोव्यातल्या कॅथलिक वाचकांचे तर पोप हे स्वतःचे धर्मगुरू आहेत. त्यांना हे चित्रपट बघताना जे दुखेल ते बाकीच्यांनी समजून घ्यायला हवे, आणि बाकीचे जे प्रश्न विचारतील ते त्यांनीही टाळू नयेत.

आपल्यालाही पूजनीय माणसांवरचे चित्रपट नवे नाहीत. आपल्याकडे वाद लगेच भावना दुखावल्या की नाही यावर जातो, आणि कागद काय म्हणतो हे विचारायचे राहून जाते. पोप बाराव्या पायस यांचे प्रकरण यासाठी शिकण्यासारखे आहे. तिथेही दंगे झाले, पत्रके निघाली, पण शेवटी वाद पुढे सरकला तो अभिलेखागारे उघडल्यामुळे. २०२२ मध्ये व्हॅटिकनने ज्यूंच्या मदतीच्या अर्जांच्या फायली सर्वांसाठी आंतरजालावर ठेवल्या, १७० खंड, सुमारे २,७०० प्रकरणे. त्यांतल्या काहींना मदत मिळाली, काहींना नाही. यापुढे या विषयावर जो चित्रपट काढेल त्याला हे अर्ज वाचलेच नाहीत, असे म्हणता येणार नाही.

वाचकांना विनंती आहे ती एवढीच. पुढच्या पानांवरचे चित्रपट जरूर बघा, त्यांवर भांडा, रडा. पण प्रत्येक चित्रपटाला तीन प्रश्न विचारा. या माणसाला काय ठाऊक होते आणि ते आपल्याला कोणत्या कागदावरून कळले? त्याला काय करता आले असते आणि त्याची किंमत कोणी मोजली असती? आणि ज्या दृश्यावरून आपण त्याला दोषी किंवा संत ठरवतो आहोत, ते दृश्य घडले होते का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे चित्रपटाने चुकवली तरी तो चांगला चित्रपट असू शकतो. तिसऱ्याचे उत्तर ‘नाही’ असेल, तर निकाल राखून ठेवा आणि कागद मागा.